पुलापुढची अकरा मिनिटं

भोपाळच्या सोनागिरीतल्या निफाडकरांच्या घरात रविवारी दुपारी एकच सिनेमा लागायचा, गेली कित्येक वर्षं. काळा-पांढरा, हिंदी, लढाईचा. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. घरात तो ‘पुलाचा पिक्चर’. बर्माच्या जंगलात अडकलेली आपली एक तुकडी, मागे शत्रू, पुढे नदी आणि नदीवर एकच लाकडी पूल. तो ओलांडायचा आणि उडवून द्यायचा. गोष्ट एवढीशीच, पण काय उभी केलीय म्हणता! धुरातून एकेक चेहरा पुढे येतो, इतका जवळ की कपाळावरचा घाम मोजावा. रंग नसल्यामुळे रक्तसुद्धा शाई सांडल्यासारखं दिसतं, म्हणून लहान मुलंही घाबरत नाहीत. आणि त्यातला तो सगळ्यात धाकटा जवान हरी, त्याचं ते अडेलतट्टू खेचर! ऐन गोळीबारात खेचर पुलाच्या मधोमध बसकण मारतं आणि हरी त्याच्यापुढे चक्क हात जोडतो. कितीही वेळा बघा, हसू येतंच.

अच्युतराव निफाडकर आता शहात्तरचे. कारखान्यात लेथवर उभं राहून पाय गेले, कान अर्धे गेले, पण या पिक्चरचा प्रत्येक डायलॉग नटाच्या आधी त्यांच्या तोंडून बाहेर पडायचा. नात जुई चार वर्षांची असल्यापासून त्यांच्या मांडीवर बसून हे बघत आली. शेवटी हरी खेचराला ओढत पुलापार येतो, मागे पूल उडतो, हरी वळून बत्तीस दात दाखवत हसतो, की आबा उठून उभे! “चला, जिंकलो! सोनल, चहा टाक.” सोनल म्हणजे सून. ती बिचारी आधण ठेवूनच बसलेली असायची.

तर ही जुई आता तेवीस वर्षांची झाली आणि तिची लष्करात निवड झाली. भोपाळातच निवड मंडळापुढे पाच दिवस छातीवर नंबर लावून धावली, उड्या मारल्या, भाषणं दिली, आणि पठ्ठी पास झाली. कागद आले, चेन्नईला ट्रेनिंगला जायची तारीख आली, पुढच्याच्या पुढचा मंगळवार. त्या आनंदात जेवताना तिची टकळी चालू होती.

“इंटरव्ह्यूला साहेबांनी विचारलं, फौज में क्यों आना है? मी सांगून टाकलं, सर, एक पिक्चर है! सगळा सांगितला आबा, खेचरासकट. साहेब एकदम खूश. मग म्हणाले, और अंत में क्या होता है? मी म्हटलं, सर, हरी पुल पार कर लेता है और हँसता है. तर नुसते बघत राहिले माझ्याकडे. म्हणाले, अच्छा. आणि दुसरंच काहीतरी विचारलं. मला वाटतं त्यांना पिक्चर धड आठवत नसणार.”

अच्युतरावांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. साहेबांना पिक्चर उत्तम आठवत होता. पूल उडाल्यानंतर तो आणखी अकरा मिनिटं चालतो, आणि हे त्या घरात एकट्या अच्युतरावांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा सत्यजित बिट्टन मार्केटमधून भाजी घेऊन आला, पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलला. “बाबा, तुम्हीच चढवलंय तिला. आता तुम्हीच उतरवा. सोनल जेवत नाही नीट. या घरातला एक गेलाय आधीच, विसरलात का?”

विसरले! शाबास रे पोरा. कोणाला विचारतोस, कळतंय का?

गेलेला तो मोहन, अच्युतरावांचा थोरला भाऊ. वडील नाशकाहून कारखान्यात बदलून आले तेव्हा दोघं शाळकरी होते. सहासष्ट साली हा सिनेमा टी. टी. नगरातल्या टॉकीजला लागला. सिनेमाचं वेड अच्युतचं. मोहन आपला सरळ मुलगा, आयटीआय करून नोकरीला लागायचं म्हणणारा. अच्युतने त्याला सायकलवर डबलसीट घालून ओढत नेलं. आणि बघा, वेड भलत्यालाच लागलं. दोघांनी मिळून नऊ वेळा पाहिला. मग दोघंही भरतीला गेले. अच्युतचा डावा डोळा अधू निघाला, तो परत आला. मोहन गेला. एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर पडला, चोवीस वर्षांचा होता.

पुढे पंधरा वर्षांनी, घरोघरी व्हीसीआर भाड्याने आणायचे दिवस आले, तेव्हा लीलावतीबाई, म्हणजे या दोघांची आई, एक दिवस म्हणाली, “तो पिक्चर आण रे. बघू दे तरी मला, कशाने नेला माझा मुलगा.” अच्युतची नाही म्हणायची छाती होईना. त्याने कॅसेट आणली, दोन व्हीसीआर जोडले आणि तिची दुसरी कॅसेट बनवली. हरी हसला, तिथे बटण दाबून थांबवली. आईने ती पाहिली. म्हणाली, “हसतो छान.” मग दर रविवारी तिला ती हवीच असायची, मरेपर्यंत. तीच कॅसेट पुढे सीडीवर गेली, पेन ड्राइव्हवर गेली, आणि तिच्यावरच जुई वाढली. घरातली वस्तू बाहेर जाऊन कोण पडताळून बघतो?

म्हणजे पोरगी आपल्या खोटेपणावर भरवसा ठेवून लढायला निघालीय, हा विचार अच्युतरावांना खायला लागला. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि दोनदा, “मोज्यांच्या जोड्या जास्त घे,” असलं काहीतरी बोलून मिटलं. तिसऱ्यांदा मात्र त्यांना उपाय सुचला, आणि सुचला तेव्हा त्यांना स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. सांगायचं कशाला? दाखवायचीच ती अकरा मिनिटं. पोरगी डोळ्यांनी बघेल, काळजाचं पाणी होईल, आणि पाय आपोआप मागे येतील.

रविवारी जेवणं झाल्यावर ते म्हणाले, “जुई, आज आपला पेन ड्राइव्ह नको. मोबाइलवरून पूर्ण पिक्चर लावता येतो ना तुला? तो लाव. आपला अर्धवट आहे.”

“अर्धवट? काय सांगता! मतलब इतके वर्ष आपण…” ती हसली, पण त्यांचा चेहरा बघून तिने मोबाइल उचलला. शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

त्या दिवशी अच्युतरावांनी एक डायलॉग म्हटला नाही. खेचर पुलावर बसलं तेव्हा जुई एकटीच हसली. हरी पार आला, पूल उडाला, हरी वळून हसला. सवयीने सोनल चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मागोमाग सत्यजित. अच्युतराव उठले नाहीत.

पलीकडच्या काठावरून एकच गोळी येते. झाडणारा दिसतही नाही. हरीच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहतं आणि तो खेचराच्या पायाशी हळूच बसतो, जणू दमला म्हणून. मग एकदम त्याचं गाव. आई अंगण सारवते आहे. पोस्टमन सायकल कुडाला टेकवून उभा राहतो, बोलत काहीच नाही. ती वर बघते, त्याचा चेहरा बघते, आणि पुन्हा सारवायला लागते. फक्त हात हळू होत जातो. बासरी सुरू होते. एकेक करत सगळं गाव कुडापाशी येऊन उभं राहतं, बायका, म्हातारे, मुलं, आणि शेवटी हरीचा हवालदार त्याची टोपी दोन्ही हातांवर घेऊन येतो. सकाळचं ऊन आईच्या तोंडावर येतं. ती टोपी कपाळाला लावते. तिथे ‘समाप्त’.

अच्युतराव पडदा बघतच नव्हते, ते नातीकडे बघत होते. जुई ताठ बसली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायचं भान नव्हतं. लागलं बरं का औषध, असं त्यांच्या मनात आलं, न आलं, तोच ती वळली. तिचा सगळा चेहरा उजळला होता.

“काय सुंदर आहे हो, आबा! इतकं सुंदर तुम्ही इतकी वर्षं लपवून ठेवलंत?”

हा चेहरा अच्युतरावांनी आधी पाहिला होता. टॉकीजच्या बाहेर, सायकलला टेकून उभा असलेला, डोळे सुजलेले आणि तरी असाच उजळलेला. मोहनने ही अकरा मिनिटं नऊच्या नऊ वेळा पाहिली होती! प्रत्येक वेळी रडला होता, आणि भरतीला गेला होता तो त्या रडण्यापायीच. तो पूल, ते हसू, हे सगळं निमित्त. त्याला ती बासरी हवी होती. ते जमलेलं गाव हवं होतं. शहात्तर वर्षांच्या माणसाला एवढी साधी गोष्ट आज कळावी, याचा त्यांना भयंकर संताप आला.

“बंद कर ते!” ते ओरडले. सोनलने दचकून ट्रे खाली ठेवला, चहा सांडला. “खोटं आहे ते सगळं! असं काही नसतं!”

“आबा…”

“ऐक. मोहनदादाची तार आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आई रॉकेलच्या लाइनीत उभी होती. तार मी घेतली, मी वाचली, आणि इथे दारात बसून राहिलो. आई आली ती चिडलेली. तिचा नंबर यायला आणि रॉकेल संपायला एकच गाठ पडली होती. दुकानदाराच्या नावाने तिने अर्धा तास बोटं मोडली. मी अर्धा तास हो हो म्हणत ऐकून घेतलं, कारण माझ्या तोंडून शब्दच फुटेना. शेवटी सांगितलं. ती रडली नाही. तिने माझ्या थोबाडीत दिली. म्हणाली, तूच नेलंस त्याला पिक्चरला.”

सत्यजित दाराशी उभा होता. हे त्यानेही कधी ऐकलं नव्हतं.

“लोक जमले, जमले ना. महिनाभर आले. मग आमच्या दारावरून जायचं टाळायला लागले, कारण काय बोलायचं ते त्यांना सुचेना. माझ्या वडिलांचे हात लेथवर थरथरायला लागले, त्यांना स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवून ठेवलं. टोपीबिपी घेऊन कोणी आलं नाही. एक पेटी आली. त्यात न धुतलेले मोजे होते आणि बूटपॉलिशची अर्धी डबी. आईने ती काही देवघरात ठेवली नाही. रोज सकाळी माझ्या बुटांना लावून लावून संपवली. आणि मी ते बूट घालून कामावर गेलो. आता सांग, कुठे आहे बासरी? कुठे आहे सुंदर?”

त्यांना धाप लागली. जुईच्या गालांवरचं पाणी वाळलं होतं.

“मला काही झालं तर आई-बाबा तुम्हाला असंच बोलतील,” ती म्हणाली.

“बोलतील.”

सोनल सांडलेला चहा पुसायला लागली.

“मी जाणार आहे, आबा,” जुई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. “मला जायचंच आहे. पण… मला भीती वाटतेय आता. पहले नहीं थी. खरंच नव्हती.”

आणि काय सांगावं, त्या म्हाताऱ्या माणसाला ते ऐकून बरं वाटलं. नातीला भीती वाटतेय याचं बरं वाटावं, याची लाजही वाटली. जुई उठली आणि आईच्या गळ्यात पडली. नाक वाहत होतं, हुंदके अडकत होते, मध्येच ठसका लागला. बघवेना असं रडली ती, आणि सोनलही.

सत्यजित पुढे आला. “म्हणजे जातेच आहे ती,” तो हळू आवाजात म्हणाला. “मग काय मिळवलंत, बाबा?”

“काही नाही,” अच्युतराव म्हणाले. “मंगळवारी मला स्टेशनवर ने. पाय दुखतात, गर्दी असते, असलं काही सांगू नकोस. दादाला सोडायला गेलो तेव्हा आम्ही सगळे हसत होतो रे. आई हसत होती, वडील हसत होते, मी तर गाडीबरोबर पळत टाळ्या वाजवल्या. या वेळी मी रडणार आहे, तिच्यासमोर, मोठ्यांदा. मला कोणी गप्प करायचं नाही.”

सत्यजितने मान डोलावली आणि तो बापाशेजारी खाली बसला.