डावी बाजू

"आरशात बघून सांग, डावीकडे काय आहे?" मी विचारलं.

ट्रायलला आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला मी हेच विचारतो. चाकणला अण्णासाहेबांच्या ट्रान्सपोर्टच्या यार्डात ट्रायल घेणं हे माझं काम. उभ्या ट्रेलरच्या डाव्या दाराखाली, पुढच्या चाकापाशी मी एक स्टूल ठेवतो, त्यावर पिवळं हेल्मेट. आरशात ते दिसत नाही. सगळे म्हणतात, "क्लिअर आहे, मास्तर." मी कागदावर फेल लिहितो. पूर्वी क्लिनर उतरून डावी बाजू बघायचा. आता क्लिनर कोणी ठेवत नाही. जो स्वतः उतरून बघेल तो पास.

हेल्मेट माझ्या बायकोचं, विजयश्रीचं. दीड वर्षापूर्वी महाळुंग्याच्या वळणावर एक ट्रेलर डावीकडे वळला आणि तिची स्कूटर खाली गेली. हेल्मेटवर ओरखडासुद्धा नाही. चाक कमरेवरून गेलं.

आज स्टिअरिंगवर तोच ड्रायव्हर बसला होता. गणराज. कोर्टात तीन तारखांना मी त्याच्या मागच्या बाकावर बसलो होतो. त्याने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. मला त्याची मान पाठ होती.

सकाळी यादीत नाव वाचलं तेव्हाच मी ठरवलं होतं. फेल करायचं, आणि ओळखीच्या प्रत्येक यार्डात फोन करायचा. फक्त त्याने 'क्लिअर' म्हणायची वाट होती.

तो आरशात बघत राहिला. मग हँडब्रेक ओढून इंजिन बंद केलं.

"मास्तर, आरशात काय कळंना. उतरून बघतो."

"वेळ जातोय."

"जाऊ द्या."

पुढून वळसा घालून तो डावीकडे आला. मी क्लिनरच्या सीटवरून खाली बघत होतो. स्टूल दिसलं तसा तो थांबला. हेल्मेट उचलून उलटसुलट पाहिलं. मागच्या बाजूला विजयश्रीने नेलपॉलिशने 'वि' काढला होता. तो दिसल्यावर त्याने गळ्यातला पंचा काढला आणि हेल्मेट पुसायला लागला.

"हे त्या ताईंचं हाय," तो म्हणाला.

"माझ्या बायकोचं."

त्याने वर पाहिलं. मग पुन्हा पुसू लागला.

"माल टायमात पोचवायचा व्हता. आरशात बघितलं मी. क्लिअर दिसलं."

मी फेल लिहून कागद खिडकीतून त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला.

"मास्तर, उतरलो की मी."

"दीड वर्ष उशिरा उतरलास."

हेल्मेट स्टुलावर नीट ठेवून तो गेटकडे गेला. मी चार फोन केले. "गणराज नावाचा आला तर घेऊ नका. डावी बाजू बघत नाही," असं चारही ठिकाणी सांगितलं.

पाच वाजता अण्णासाहेब आले.

"सहा जणांत एक बी पास न्हाई? अवो मास्तर, गाड्या उभ्या हायेत माझ्या. एकानं बी उतरून बघितलं न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी ऑफिसात हेल्मेट खिळ्याला अडकवलं. ते लख्ख दिसत होतं. दीड वर्षात मी ते एकदाही पुसलं नव्हतं.