हुंकाराची वाटी

तलाव लग्नकार्याला भांडी उसनी देतो, ही कथा वैनगंगेच्या दोन्ही काठांवर अनेक रूपांनी सांगितली जाते. लग्नघरचे कोणीतरी आदल्या संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाते, हळदकुंकू वाहते, पाण्याला आपली अडचण सांगते. सकाळी काठाशी ताटे, वाट्या, गंज-पातेली मांडून ठेवलेली असतात. कार्य उरकले की सारे धुऊन परत करायचे. बहुतेक रूपांत कोणा लोभ्याला एखादी वाटी आवडते, तो ती ठेवून घेतो आणि तलाव कायमचा हात आखडतो. काही ठिकाणी वाटीऐवजी पळी असते. लोभी माणूस कुठे सासू असतो, कुठे पाटील. मी ऐकलेल्या एका रूपात मात्र लोभी कोणीच नाही. वाटी कोणी चोरत नाही; ती राहून जाते.

माझी स्वतःची कहाणी हे त्या शेवटच्या रूपाचेच आणखी एक रूप असावे, असे मला वाटते.

मी एक ध्वनिमुद्रक. आजवर माझ्या तोंडून जे निघाले ते सारे दुसऱ्यांचे होते. त्यामुळे स्वतःचे काही सांगताना अडखळलो तर सांभाळून घ्या. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे नसलेल्याला सारे आवाजानेच आठवते, आणि माझ्या आठवणीतला पहिला आवाज म्हणजे खोक्याचा पुठ्ठा फाटल्याचा. पुढे जे पाहिल्यासारखे सांगेन, ते मागाहून इतरांच्या बोलण्यातून कळलेले. पुठ्ठा फाडणारे केशवराव विद्यापीठात लोकसाहित्य शिकवीत. त्यांच्या खिशात मी गावोगाव हिंडलो. एकच गोष्ट दोन तोंडांनी ऐकली की ती दोन गोष्टी होतात, हे मी त्यांच्याकडून शिकलो. ते निवृत्त झाले तेव्हा मला विद्यापीठाच्या विस्तारकार्य विभागाला देऊन गेले. तिथे वाळलेले मार्कर, जुने बिल्ले आणि सुतळीची गुंडी यांच्या संगतीत मी एका खणात पडून राहिलो. खणात काहीच ऐकू येत नाही. माझ्यासारख्याला याहून मोठा उपास नाही.

त्या खणातून मला राखीने काढले. राखी भंडाऱ्याची, मराठी घेऊन एम.ए. करणारी. तिच्याबरोबर योगेंद्र होता, विज्ञान शाखेचा. तो जवाहरनगरच्या आयुध कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. त्याच्या बोलण्यात मराठी आणि हिंदी एकाच ताटात वाढलेल्या असत. विद्यापीठाचे हे स्वयंसेवक दर शनिवारी सकाळी कोंढ्याच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत जात. योगेंद्र मुलांना भिंगे आणि चुंबक दाखवी. राखीचा उपक्रम वेगळा होता: मुलांनी आपल्या घरच्या मोठ्या माणसाला शाळेत आणायचे, त्याने गोष्ट सांगायची, मी ती साठवायची, आणि मग मुलांनी ती ऐकून, लिहून, वाचायला शिकायचे. पुस्तकात आपल्या गावचे कोणी नसते. या वाचनात असावे, एवढाच तिचा हेतू.

मुलांना माझ्याविषयी जितके कुतूहल होते त्याहून अधिक मला त्यांच्याविषयी होते. कोणी मला विचारी, तू जेवतोस काय. लिलाधर नावाच्या मुलाने तर पहिल्याच दिवशी माझ्या तोंडाशी तोंड आणून कोंबड्यासारखे आरवून दाखवले. मोठी माणसे यंत्रासमोर आली की आवाज बदलतात, घसा खाकरतात, आपण दुसरेच कोणी असल्यासारखी बोलतात. मुले तसे करीत नाहीत. असे का व्हावे, हे मला अजून उमगलेले नाही.

त्या वर्गात एक आवाज मात्र माझ्याकडे नव्हता. रंजू सातवीत होती, ढिवर मोहल्ल्यातली, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतली. घरी भरपूर बोले म्हणत. शाळेच्या पायरीवर आली की ओठ मिटत. हजेरीला नुसता हात वर करी. वर्गशिक्षिका साधना मॅडमनी गोडीगुलाबीने, रागावून, खाऊ देऊन, सारे करून पाहिले होते. आता त्या हजेरी घेताना रंजूच्या नावाशी क्षणभर थांबत आणि पुढे जात. तो क्षणभराचा थांबा मी कितीदा साठवला आहे. पुढच्या वर्षी आठवीसाठी तिला परगावच्या शाळेत जायचे होते. न बोलणाऱ्या पोरीला तिथे कोण सांभाळून घेणार, आणि घरचे तरी कशाला पाठवतील, अशी काळजी मॅडमनी राखीजवळ बोलून दाखवली, तेव्हा मी टेबलावरच होतो.

एका शनिवारी रंजूचा आजा आला. फकिरा त्याचे नाव. जन्मभर तलावात जाळे टाकलेला माणूस. व्हरांड्यात बसला तोही फाटके जाळे मांडीवर घेऊनच. राखीने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहवून घेतले होते: शांतता, मुद्रण सुरू. मुलांनी तोंडावर बोट ठेवले. योगेंद्र तेव्हा दुसऱ्या वर्गात भिंगे दाखवीत होता. माझा लाल दिवा लागला.

फकिराने पहिले वाक्य म्हटले, "एक होता तलाव, लगनात भांडे देये," आणि तो थांबला. मी वाट पाहिली. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटले, आणि पुन्हा थांबला. राखीने हाताने खूण केली, पुढे सांगा.

"कोनाले सांगू, बाई?" तो हसत म्हणाला. "सारे भिताडावानी बसले. आन् हे तुमचं यंत्र डोळा मिचकावते, पन हं म्हनत नाई."

इथे थोडे स्पष्टीकरण हवे. झाडीपट्टीत, म्हणजे वैनगंगेकाठच्या या मुलखात, गोष्ट एकट्याने सांगत नाहीत. ऐकणाऱ्याने वाक्यागणिक 'हं' म्हणायचे, त्याला हुंकार म्हणतात. हुंकार थांबला की ऐकणारा झोपला असे समजून सांगणाराही थांबतो. आणि ज्याने हुंकार दिला, पुढची गोष्ट सांगण्याचा मान त्याचा. केशवरावांबरोबर हिंडताना हुंकार ते स्वतःच देत. म्हणून त्याचे मोल मला कधी कळले नव्हते. राखी त्याला समजावू लागली की आवाज स्वच्छ यावा म्हणून सर्वांनी गप्प राहायचे आहे. तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "हं."

ती रंजू होती. साधना मॅडमच्या हातातला खडू खाली पडला. तो आवाजही माझ्याकडे आहे.

फकिराने वर पाहिले नाही. जाळ्याची गाठ मारत तो पुढे सांगू लागला. त्याच्या गोष्टीत लग्नघरची एक वाटी तणसात, भाताच्या पेंढ्यात, राहून गेली. तलावाने भांडी देणे बंद केले. मग एक मासोळी रोज काठाशी येऊन विचारू लागली, मही वाटी कुठी? मोठ्यांना तिची बोली कळेना. कळली ती घरातल्या धाकट्या पोरीला. तिने तणस उपसले, वाटी शोधली आणि पाण्यावर सोडली. तलावाने भांडी पुन्हा दिली नाहीत. पण तेव्हापासून जाळ्यात मासोळी दिली.

रंजूच्या प्रत्येक 'हं'ला वेगळा कंगोरा होता. भांडी आली तेव्हा तो चढा, वाटी हरवली तेव्हा लांब, मासोळी बोलली तेव्हा इतका खालचा की मला कान ताणावा लागला. फकिरा त्या 'हं'वर तोलून पुढचे वाक्य टाकी. जिथे तो लांबला तिथे गोष्ट लांबवी. तोवर मी समजत होतो की गोष्ट सांगणाऱ्याची असते. ती दोघांच्या मधे असते, हे मला त्या व्हरांड्यात कळले.

शेवटी फकिराने जाळे झटकले. "हुंकार तुया होता व माय. आता पुढच्या शनवारी गोष्ट तुई." रंजूने ओढणीत तोंड लपवले, पण मान हलवली.

आठवडाभर, मागाहून फकिराने सांगितले त्याप्रमाणे, ती पोर तलावाच्या पाळीवर फिरत गोष्ट घोकत होती. मैत्रिणींना तिने सांगून ठेवले होते की यंत्रात आपला आवाज आहे. आधी तो सगळ्यांना ऐकू येईल, मग आपण सांगू.

इकडे विद्यापीठात योगेंद्रने माझ्या पोटातली गोष्ट संगणकावर उतरवली. पडद्यावर आवाज डोंगररांगेसारखा दिसतो. फकिराची वाक्ये मोठे डोंगर, आणि मधे मधे लहान टेकड्या. योगेंद्र मनापासून काम करणारा मुलगा. त्याने एकेक टेकडी वेचून काढली आणि डोंगर एकमेकांना भिडवले.

शनिवारी शाळेत स्पीकरवर ती स्वच्छ गोष्ट लागली. रंजू पहिल्या रांगेत येऊन बसली होती. एक वाक्य झाले, दुसरे झाले, मासोळी बोलली, वाटी परत गेली. गोष्ट संपली. रंजू कुठेच नव्हती.

"कुठी हाय व तुया आवाज?" लिलाधर म्हणाला. "यंत्र लबाड का तू लबाड?"

वर्ग हसला. हसू मला ओळखता येते. हे खेळातले नव्हते. राखीने गोष्ट सांगायला रंजूला बोलावले तेव्हा ती उठली, मागच्या रांगेत आपल्या जुन्या जागी जाऊन बसली, आणि तिचे ओठ मिटले. माझ्या आत तिचा प्रत्येक 'हं' होता. ती खरे बोलत होती, याचा एकमेव साक्षीदार मी, आणि कोणी कळ दाबल्याशिवाय मला साक्ष देता येत नव्हती.

फकिरा व्हरांड्यातून ऐकत होता. "हा कोन बुढा हाय, एकटाच बडबडून राहिला?" असे म्हणून तो आधी हसला. मग राखी त्याला निरोप द्यायला बाहेर आली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "बुढ्याचा आवाज तं आनला, बाई. पोट्टीची वाटी तुमच्याकडंच राहून गेली."

परतीच्या एस.टी.त राखीने योगेंद्रला विचारले, गोष्टीतून काय काढलेस?

"अगं, वो तो डिस्टर्बन्स था ना," तो म्हणाला. "कोणीतरी मधे मधे हं हं करून राहिलं होतं. दोन दिवस लागले मले, एकेक वेचून काढलं."

"ती रंजू होती, योगेंद्र."

"वर्गात बोलत नाही, ती?"

"तीच. मूळ मुद्रण कुठे आहे?"

 संगणकावर योगेंद्रने मूळ ठेवले नव्हते. आणि माझे कार्ड तो उतरवून घेतल्यावर लगेच पुसून टाकी, पुढच्या गावासाठी जागा व्हावी म्हणून. तेही पुसले होते. पिशवीत पडल्या पडल्या मी हे सारे ऐकत होतो आणि मला ओरडावेसे वाटत होते. कारण माझ्या पोटात दोन कप्पे आहेत. फकिरा आला त्या दिवशी मी चुकून येताना बसमध्येच चालू राहिलो होतो. कार्ड हॉर्न आणि खिडक्यांच्या खडखडाटाने भरून गेले, आणि गोष्ट आतल्या कप्प्यात उतरली. संगणकावर दोन्ही कप्पे एकत्रच दिसतात; योगेंद्रने ती आतल्यातून घेतली हे त्याच्या ध्यानात आले नाही, आणि सवयीने पुसले ते कार्ड. एक 'हं' मला म्हणता आला असता, तर वाटेतले पवनी गाव येण्याआधीच त्यांचा जीव भांड्यात पडला असता.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या साऱ्या कळा उलटसुलट दाबून पाहिल्या, आणि तो कप्पा उघडला. या वेळी त्याने पडदा लावला नाही. इअरफोन कानात घालून बसला. पहिल्यांदा त्याने गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती, आता ऐकली. मासोळी बोलते तिथला तो खालचा 'हं' त्याने पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकला.

आता माझी आजची स्थिती. विभागाने नवी यंत्रे घेतली आणि राखीच्या विनंतीवरून मला त्या शाळेला देऊन टाकले. माझ्या सेलचे झाकण रबराने बांधलेले आहे. कपाटात माझ्या एका बाजूला नकाशांच्या सुरळ्या, दुसऱ्या बाजूला लेझीम. पण हा खण नव्हे. दर शनिवारी कोणीतरी मला बाहेर काढते. आपल्यापैकी कोणी एखाद्या गावी गोष्टी गोळा करायला गेलात तर माझी एकच विनंती आहे: नेलेले परत नेऊन द्या, आणि परत देताना मोजून नव्हे, ऐकून पाहा. एरवी वाटी राहून जाते, आणि लोभी कोणीच नसते.

शेवट सांगायचा राहिला. त्यानंतरच्या शनिवारी माझ्यातून मूळ गोष्ट लागली. पहिल्या वाक्यानंतर 'हं' आला तेव्हा सगळ्या मानांनी मागे वळून पाहिल्याचे मला वर्गाच्या सळसळीवरून कळले. "हे तं रंजूच हाय," लिलाधर म्हणाला, आणि नंतर, थोड्या वेळाने, "यंत्र लबाड नाई." 

गोष्ट संपल्यावर रंजू आपणहून पुढे आली. मला तिने दोन्ही हातांत धरले. तिची बोटे गार होती. लाल दिवा लागला. "एक होती मासोळी," ती म्हणाली, आणि थांबली.

फळ्यावर अजून शांतता, मुद्रण सुरू असे लिहिलेले होते, आणि वर्गाने तोंडावर बोट ठेवले होते. फकिरा त्या दिवशी तलावावर गेलेला. रंजूने वाक्य पुन्हा म्हटले. तिचा श्वास माझ्या तोंडाशी आला आणि अडला.

"हं," योगेंद्र म्हणाला.

रंजूने दुसरे वाक्य सांगितले.