मुक्या पट्ट्या

मंगळवारी सकाळी कॉफीचा कप उचलताना व्हर्डेल गेन्सच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तिचं ऐकेनाशी झाली. तिने हे कुणालाच सांगितलं नाही. नवरा केव्हाच वारला होता. डॉक्टर घरी बसायला सांगणार. आणि ओथा क्रम्पला सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढून घ्यायचा.

ओथा गायचा. लुइझियानाच्या जंगलात, लाकूडतोड्यांच्या छावणीवरच्या गुत्त्यात दोघं पहिल्यांदा जमली, तेव्हापासून तो गात होता आणि ती पियानो वाजवत होती. आईने तिला चर्चमध्ये वाजवायला शिकवलं होतं. पोरीने ते हात दारुड्यांपुढे नेले म्हणून आई मरेपर्यंत तिच्याशी धड बोलली नाही. पुढे दोघं शिकागोला आली. आठवडाभर व्हर्डेल लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि शनिवारी साउथ साइड भागातल्या एका बारमध्ये ब्लूज वाजवायची. तिच्याकडे बघून शिकलेल्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, हिला कुणी विचारलं नाही. तिने रेकॉर्डची आशा केव्हाच सोडून दिली होती, पण ओथाने सोडली नव्हती. आणि त्याच मंगळवारी दुपारी, ओथाचे केस पांढरे झाल्यावर, रेकॉर्ड कंपनीचा ब्रँट नावाचा माणूस त्या बारमध्ये दोघांना ऐकायला येऊन बसला होता.

ओथाने ठेवणीतला सूट घातला होता. पुढ्यातला तळलेला मासा गार होत होता.

"खा की," व्हर्डेल म्हणाली.

"घास उतरत नाही. तू का अशी गप्प?"

"तू बोलतोयस तेवढं पुरे आहे दोघांना."

हात तिने मांडीवर झाकून ठेवला होता. भिंतीपाशी क्लीटस बसला होता. पोरगेला दिसायचा, पण पियानोवर हात तयार होता. या बारचा रिवाज सगळ्यांना ठाऊक होता: वाजवणारा स्टुलावरून उठला की स्टूल दुसऱ्याचं.

"मिस व्हर्डेल, दमलात तर सांगा हं," क्लीटस म्हणाला.

"तू म्हातारा झालास की सांगते."

लोक हसले. ती हसली नाही.

पहिलं गाणं सुरू झालं आणि व्हायचं तेच झालं. उजवा हात नेहमीसारखा पळत होता, पण डाव्या हाताची ती दोन बोटं ओल्या फडक्यासारखी पडून राहिली. खर्जाच्या जागी भोक पडलं. ओथाने वळून पाहिलं. आता संपलं, असं तिला वाटलं.

पण ओथाच्या चेहऱ्यावर हसू आलं. छावणीवरचा एकही पियानो धड नसायचा. दमट हवा आणि सांडलेली बिअर, निम्म्या पट्ट्या मुक्या. वाजवणाऱ्याने आधी हात फिरवून त्या शोधायच्या आणि वगळून वाजवायचं. मुकी पट्टी आली की गाणाऱ्याने तिथे फळीवर टाच आपटायची. बारचा पियानो अखेर गेला, अशी ओथाची समजूत झाली. पुढच्या फेरीला बरोबर त्या भोकात त्याची टाच पडली. ब्रँट खुर्चीत पुढे सरकला.

व्हर्डेलला रडू येईलसं झालं, पण रडायलाही उसंत नव्हती. मुक्या पट्ट्या जागा बदलत नाहीत. सूर बदलला की तिची बोटं दुसऱ्या पट्ट्यांवर जाणार, भोकंही तिकडे जाणार, आणि ओथा काही आंधळा नव्हता. तिने कुणाला न विचारता दुसरं गाणं त्याच सुरात धरलं. ते निभावलं.

"एखादं पळतं होऊ दे," ब्रँट म्हणाला.

पळतं गाणं ओथा नेहमी वरच्या सुरात गायचा. तिने ते खालीच सुरू केलं. ओथाने नाही म्हणून मान हलवली आणि बोट वर केलं. तिने हात सरकवला.

मघाच्या मुक्या पट्ट्या आता मधल्या बोटाखाली खणखणीत वाजल्या आणि भलत्याच दोन गप्प झाल्या. ओथाची टाच उचललेली तशीच राहिली. त्याने पियानोकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. इतक्या वर्षांत त्याची ओळ कधी सुटली नव्हती, ती सुटली. भिंतीपाशी क्लीटस उठून उभा राहिला.

मग टाच खाली आली, बरोबर नव्या भोकात. गाणं संपेपर्यंत ती एकदाही चुकली नाही.

"गुरुवारी या," ब्रँट टोपी घेत म्हणाला. "पियानो मात्र भंगार आहे हा. आमच्याकडे कोरा करकरीत आहे. त्यावर बाईंचा खर्ज नीट येईल."

व्हर्डेलने तोंड उघडलं. सांगायलाच हवं होतं.

"नाही येणार," ओथा आधी बोलला. "तिला त्या जागा सोडायची सवय लागलीय. तुमच्या पियानोवरही सोडेल. आणि मला तिथे टाच आपटायची सवय आहे. जमत असेल तर बोला."

"क्लीटसला घे," ती पुटपुटली.

"तू गप्प बस."

ब्रँटने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "टाच राहू दे," तो म्हणाला. "टाचच तर आवडली मला." आणि तो गेला.

व्हर्डेल स्टुलावरून उठली नाही. ओथा शेजारी येऊन टेकला. त्याने तिचा डावा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं.

"मधलं ऐकतंय?"

"आज ऐकतंय. गुरुवारचं काय सांगू? मला भीती वाटते, ओथा."

"मलाही वाटते," तो म्हणाला. "तेही गेलं तर गाण्याआधी सांग. मला दुसरा पाय आहे."