सोनबा रोहीच्या दोन ओळी

खळ्ळ! स्टीलच्या परातीत फासे पडले. माझ्या आयुष्यातला तो पहिला आवाज. खूप दिवस झाले, पण अजून कानात आहे. त्याआधी मी नव्हतोच.

मी सोनबा रोही. तुम्ही नीलगाय म्हणता ना, त्या जातीचा. पण दोन पायांवर चालतो, धोतर नेसतो आणि ज्वारी पिकवतो. मी एका खेळातला शेतकरी आहे. पिपरी मेघेला छायाच्या ओसरीवर तिचे मित्र जमतात. छाया गोष्ट सांगते, बाकीचे आपापला वीर काय करतो ते सांगतात, आणि ते साधलं की नाही हे फासे ठरवतात. एवढ्यावर आमचं अख्खं जग चालतं.

मला घडवताना छायाने हिंगणीच्या आपल्या आजोबांचं सावकाश बोलणं मला दिलं. त्यांचं जंगलालगतचं वावरही दिलं. राजा किंवा राक्षस होणं माझ्या वाट्याला आलं नाही. शेती करायची आणि वाटसरूला वाट सांगायची, एवढंच काम.

पण माझा भरवसा कुणालाच येत नाही. ही पोरं शेतकऱ्यांच्या घरची, रोहीने पीक कसं फस्त केलं ते ऐकत वाढलेली. कैलासचे वडील तर आमच्या भीतीने तुरीभोवती जुन्या साड्या बांधतात. खोटं कशाला सांगू, मलाही पोरांचा भरवसा नाही. तलवारवाला माणूस गोड आवाजात "राम राम" म्हणाला की मी आधी मागची वाट बघून ठेवतो.

परवा कैलासचा वीर माझ्या तुरीतून झाडं मोडत आला. मागे अंकिताची तिरंदाज. गोष्टीतल्या दुष्ट मांत्रिकाची फौज जंगलात लपली होती आणि तिला दाणा कोण पुरवतो ते हे शोधत होते.

मी आंबिलीचा गडवा, म्हणजे तांब्या, पुढे केला.

"पहिले तू पे, बुढ्या," कैलास म्हणाला.

मी प्यालो.

"याले जहर पचत असन," अंकिता म्हणाली. "जनावरच ना!"

"अन् रोही शेती करते म्हणे! उद्या मांजर दूध विकन," कैलास म्हणाला.

परातीभोवती सगळे हसले. आंबील तशीच राहिली. वाचणाऱ्या बापांनो, कुणी म्हाताऱ्याने असं काही पुढे केलं तर घोटभर तरी घ्या.

मग कैलासला धुऱ्याजवळ, वावराच्या बांधापाशी, ते दिसलं. सगळी ज्वारी कापून कणसं खळ्यात आणली होती, पण जंगलाकडच्या दोन ओळी तशाच उभ्या होत्या.

"सापडला चोट्टा! काऊन सोडल्या ह्या ओळी? फौजेसाठीच ना?"

त्याने टेंभा पेटवला आणि खळ्यावर धरला. माझं वर्षभराचं पोट तिथे पडलं होतं. 

"टाक फासे," अंकिता म्हणाली. "पेटते का नाई ते पाहू."

कैलासने फासे मुठीत घेतले.  मग छायाच्या तोंडून मी बोललो.

"फौज नाई, बापू. माहे भाऊबंद येतात जंगलातून. इथं दोन घास भेटले का मंग लोकाईच्या वावरात शिरत नाईत. उपाशी जनावर साडीले भेत नाई ना बापा."

साडीचं नाव निघालं आणि अंकिताचं हसू थांबलं. कैलास मुठीकडे पाहत राहिला. मग त्याने फासे परातीत ठेवले. टाकले नाहीत, ठेवले. आवाज झाला नाही.

"टेंभा हौदात बुडवतो," तो म्हणाला. "अन् निघतो."

"तू काही म्हणतं का सोनबाले?" छायाने विचारलं.

कैलासने नकारार्थी मान हलवली.

टेंभा हौदात चुर्र करून विझला. मला वाटलं, आता त्याचा वीर वळून निदान शिवी तरी देईल. तो माझ्या तुरीपाशी क्षणभर थांबला. मग वळसा घालून धुऱ्याधुऱ्याने, एकही झाड न मोडता निघून गेला.