सगळ्यांच्या कामावर एक नाव

जागा निवडायला आम्ही पुरा महिना घातला. नावं लावायला फक्त पंधरा दिवस लागणार होते, ते मात्र माझ्याकडं नव्हते.

जागा म्हणजे ऑफिसची नव्हे. ऑफिस आमचं होतंच, बीदरला उदगीर रस्त्यावर, एका टायरवाल्याच्या डोक्यावर, दोन खोल्यांचं. मी म्हणतोय ती जागा इंटरनेटवरची. चार माणसं मिळून सॉफ्टवेअर लिहितात तेव्हा त्यांचा कोड एका ठिकाणी ठेवावा लागतो. तिथं एकानं केलेला बदल दुसऱ्याला दिसतो, काही बिघडलं तर कालचं परत आणता येतं, आणि कोणी कधी काय बदललं याची नोंद राहते. २०११च्या पावसाळ्यापर्यंत आमचा कोड कोपऱ्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर होता. त्यात शिरायला एकच नाव, एकच पासवर्ड. नाव माझं, सिद्धराम. कॉम्प्युटर पहिल्या दिवशी मीच मांडला होता. पुढं प्रियंका कामाला लागली आणि तिनं स्वतःचं वेगळं नाव मागितलं, तेव्हा मी मोठ्या मनानं म्हणालो, "वेगळं कशाला? आपण काय परके आहोत?"

हे वाक्य मला फार आवडायचं. घरातलं वाटायचं. 'आपण काय परके आहोत' असं जो म्हणतो, दारावरची पाटी त्याचीच असते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

आणखी एक सांगून टाकतो, नंतर दुसऱ्या कोणी काढून दाखवण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. मी मूळचा खटकचिंचोळीचा, गुलबर्ग्याला इंजिनिअरिंग केलं आणि तीन वर्षं पुण्यात नोकरी केली. ती नोकरी मी सोडली ती साहेबाशी भांडून. साहेब माझं काम स्वतःच्या नावावर दाखवायचा.

परत आलो आणि गुरुशांतप्पाबरोबर हे ऑफिस काढलं. तो माझा वर्गमित्र. मी लिहायचो, तो बोलायचा. त्याच्या बोलण्यावर एका साखर कारखान्याचं काम मिळालं: कोणाचा ऊस कधी तुटणार आणि कोणती टोळी कुठल्या गावाला जाणार, हे ठरवणारं सॉफ्टवेअर. पाळी चुकली की इकडं सख्ख्या भावांची डोकी फुटतात, त्यामुळं काम साधं नव्हतं. मी लागणीच्या तारखेवर पाळी लावली. ज्यानं आधी लावला त्याचा आधी तुटणार. कागदावर झकास दिसायचं. पहिल्याच हंगामात टोळ्या वैतागल्या.

ते सरळ केलं प्रियंकानं. ती जनवाड्याची, डिप्लोमा करून आलेली, वयानं माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. पहिल्याच महिन्यात मला म्हणाली, "सर, माझी आत्या कोंडाबाई दहा वर्षं टोळीत जायची. आज ह्या गावाला, उद्या पंधरा मैलांवर म्हणलं तर अर्धा दिस गाडीतच जातो. कोयता कवा चालवायचा?" मग तिनं पाळी नव्यानं लिहिली. तारीख, उसाची जात, रस्ता, ओढ्याला पाणी आलं तर कुठली वाट बंद, एका वाटेवरची गावं एकत्र. दीड वर्ष ती त्यावर बसली होती. दुसऱ्या हंगामात कारखान्यावर भांडणं निम्म्यावर आली, आणि गुरुशांतप्पा मिशीला पीळ देत हिंडायला लागला.

मग कारखान्यानं सांगितलं, तुमचा एक माणूस कायम इथं बसवा. आता बीदरच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर पुरेना. कोड इंटरनेटवर ठेवणं भाग होतं.

गुरुशांतप्पाला ते मुळीच पटत नव्हतं. "आपलं सामान परक्याच्या घरात? अन् तेबी अमेरिकेत? उद्या त्यानं कडी लावली तर दार कुणाचं वाजवायचं, सिद्धण्णा?" मला एक जागा आवडली होती, ती पुण्यातली ओळखीची मंडळी वापरायची, एवढ्याच कारणासाठी. प्रियंकानं मात्र तीन जागा महिनाभर वापरून पाहिल्या. नेट मेलं तर काय, आपला कोड लोकांना उघडा दिसतो की झाकता येतो, उद्या सोडायची म्हटलं तर सगळं घेऊन निघता येतं का, हे सगळं तिनं वहीत लिहिलं होतं. त्यातली एक जागा तिनं सुचवली. तिथं प्रत्येकाचं स्वतःचं पान होतं. तुमचा बदल तुमच्या नावानं जाणार, दुसरा तो वाचणार, चूक असेल तर तिथंच लिहिणार, आणि पटल्यावरच तो आत घेणार.

"सर, इथं माझी चूकबी माझ्याच नावावर पडंल," ती हसून म्हणाली. "तेवढं तरी मिळू द्या."

मी तिची जागा निवडली. निवड अगदी योग्य होती, आजही आम्ही तिथंच आहोत. माझी चूक निवडीत झाली नाही.

चूक झाली सामान हलवताना. जुन्या कॉम्प्युटरवरची तीन वर्षांची नोंद नव्या जागी न्यायची होती, आणि त्या नोंदीत अकराशे बदलांपुढं सिद्धराम, सिद्धराम, सिद्धराम. प्रियंका वही घेऊन आली. कोणत्या तारखेला कोणी काय बदललं ते तिनं पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं होतं. "पंधरा दिवस द्या, सर. नेण्याआधी ज्याची त्याची नावं लावून देते. एकदा वर चढवल्यावर लई अवघड हाय."

त्याच आठवड्यात माझे अप्पा डोळे दाखवायला बीदरला आले होते आणि ऑफिसात बसले होते. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. आमचं काय चाललंय ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "चार घरची मेंढरं आम्ही एका कळपात हाकायचो की. पण निघायच्या आधी ज्यानं त्यानं खुणेला आपल्या मेंढराचा कान कातरायचा. वाटेत कोण कातरतंय?" आम्ही सगळे हसलो. प्रियंका सर्वांत जास्त हसली, कारण अप्पा तिच्या बाजूनं बोलले होते.

मी म्हणालो, पुढं बघू.

आणि त्या रविवारी एकटाच ऑफिसात जाऊन सगळं जसंच्या तसं वर चढवलं. कारण विचाराल तर हंगाम जवळ आला होता, कारखाना मागं लागला होता. हे खरंच आहे. पण काम झाल्यावर मी माझं पान उघडलं. अकराशे बदल, प्रत्येकापुढं माझं नाव, खाली खाली जाणारी यादी. मी ती शेवटपर्यंत वाचली आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. माझ्याच हातचं असावं तसं. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

सोमवारी प्रियंकानं पाहिलं. वही पिशवीत ठेवली आणि कामाला बसली. मी म्हणालो, "अगं, आपल्या आपल्यात काय नाव अन् गाव!" ती "व्हय सर" म्हणाली.

सप्टेंबरात मला हैदराबादहून फोन आला. एका कंपनीतल्या बाई बोलत होत्या, अगदी अदबीनं. प्रियंका नावाच्या मुलीनं आमच्याकडं अर्ज केलाय, परीक्षा चांगली झालीय, मुलाखतही. तिनं स्वतःचं काम म्हणून ऊसतोडीच्या पाळीचा भाग दाखवला. काम उत्तम आहे. पण सगळ्या नोंदी तुमच्या नावावर आहेत. तिनं संदर्भाला तुमचंच नाव दिलंय, म्हणाली तुम्ही सांगाल. म्हणून विचारते, हा भाग तिनं लिहिलाय का?

तिनं अर्ज केलाय हे मला माहीत नव्हतं. संदर्भाला माझंच नाव दिलंय, म्हणजे मी खरं सांगीन यावर तिचा भरवसा होता, हेही त्या क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी दुसरं कळलं: महिन्याभरात गाळप सुरू होणार, आणि ही गेली तर पाळीत काही बिघडल्यावर मला त्यातलं ओ का ठो कळणार नाही. मी सहा महिन्यांत तो भाग उघडूनही पाहिला नव्हता.

"आमच्याकडं सगळे मिळून काम करतात," मी म्हणालो. "ते टीमचं काम आहे."

"म्हणजे तिनं एकटीनं नाही?"

"टीमचं आहे," मी पुन्हा म्हणालो.

बाईंनी आभार मानले. फोन ठेवल्यावर मी स्वतःला समजावलं, की आपण खोटं काहीच बोललो नाही. ते समाधान संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही, पण उलट फोन करायला काही मी उठलो नाही.

दुरुस्ती केली ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे ती आहे त्याहून मोठी वाटायची नाही. ऑक्टोबरात मी त्या कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. ती नोकरी तोवर दुसऱ्या कोणाला दिली होती. दिवाळीत प्रियंकाची वही मागून घेतली आणि एकेक नोंद काढून नावं लावली. अकरा दिवसांत झालं, पंधराही लागले नाहीत. अकराशेपैकी सातशेच्या वर तिची निघाली, आणि त्यातही चांगली ती सगळी तिचीच. पुढच्या उन्हाळ्यात ती दुसऱ्या कंपनीत गेली, हैदराबादलाच, पहिलीपेक्षा हलक्या कामावर. जाताना पेढे देऊन गेली. माझ्याशी ती कधीच वाईट वागली नाही.

पण पत्र लिहिण्याच्या आदल्या दिवशी माणिकराव आले होते, तिचे वडील. बस डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते, वर्षापूर्वी रिटायर झालेले. गाडीत विसरलेली छत्री मालकाला पोचवायला सुट्टी काढून संतपूरपर्यंत गेले होते, अशी त्यांची ख्याती. प्रियंका त्या दिवशी कारखान्यावर होती. तो दिवस त्यांनी मुद्दाम निवडला होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मी खुर्ची दिली, चहा सांगितला. ते बसले नाहीत. त्यांनी हात जोडले.

"सर, माफी मागाय आलोय."

"काका, माफी कसली?"

"पोरीनं तुमचं काम आपलं म्हणून दावलं म्हणं. कंपनीवाल्यानं तिला तसं सांगितलं, ह्या कामावर दुसऱ्याचं नाव हाय, खोटं सांगणारं माणूस आमाला नको. मी तिला इचारलं, नाव कुणाचं हाय? म्हणली, सरांचं. पर लिवलं मी, म्हणली. मी म्हणलो, नाव सरांचं अन् लिवलं तू, हे कसं? तिला सांगता येईना. रडाय लागली. आमच्या घरात असं कुणी केलं न्हाई, सर. तुमी तिला कामाला लावलं, शिकवलं. तिला काढू नका, एवढंच म्हणायचंय. लेकराची चूक पदरात घ्या."

मी म्हणालो, "काका, तिनं खोटं सांगितलं नाही. ते काम तिचंच आहे. सगळं तिनंच लिहिलंय. नाव माझं पडलं ते माझ्यामुळं."

त्यांना लगेच समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

"मंग कंपनीनं तुमाला इचारलं न्हाई का?"

"विचारलं. फोन आला होता."

"तवा सांगितलं कामून न्हाई?"

मी खरं तेच बोललो, दुसरं काही सुचलंच नाही. "ती गेली असती, काका."

"व्हय," ते म्हणाले. "जायचंच होतं की तिला."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही, कोण जाणे. चहा आला, टेबलावर तसाच राहिला. ते मला रागानं काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होतो, बोलले असते तर बरं झालं असतं. पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. दाराकडं तोंड करून, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "आठ दिस झाले. मी पोरीच्या हातचं पाणी पिलो न्हाई."

एवढं म्हणून ते वळले आणि जनवाड्याची गाडी चुकू नये म्हणून घाईघाईनं जिना उतरून गेले.