डोंगराच्या पलीकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. लांबलचक, फिकट हिरवी. माझ्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांसारखा दिसणारा कागद चिकटवलेला होता. आता तो बराच सोलला आहे. मागचे दार उघडले की दोन वासरे किंवा सहा माणसे आत मावत. मी दोन्हींची ने-आण केली आहे, आणि खरे सांगायचे तर वासरे जास्त शांत बसत.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. पण आयुष्य सगळे व्हरमॉन्टच्या डोंगरात गेले. मला विकत घेतले हॉलिस टटल यांनी. त्यांच्या गोठ्यात एकतीस गाई होत्या. पहाटे पाचला धार, दुपारी साडेचारला पुन्हा धार. नाताळ असो, ताप असो, त्यात खंड नाही. त्यामुळे हॉलिस आणि त्यांची बायको ओडील यांनी वीस वर्षांत गावाबाहेर एक रात्रही काढली नव्हती.

दर ऑक्टोबरात आमच्या रस्त्यावर दूरदूरच्या मोटारी येत. मेपलची झाडे लाल-केशरी होत, भूर्ज पिवळे होत, आणि ती पाने बघायला शहरातली माणसे लोटत. हॉलिस त्यांना ‘पानबघे’ म्हणत. एखादा पानबघ्या रस्त्यातच गाडी उभी करून फोटो काढू लागला की हॉलिस ट्रॅक्टरवरून ओरडत, “झाड पळून जात नाहीये! गाडी बाजूला घे!”

अशा माणसाला ओडील एके सकाळी म्हणाली, “हॉलिस, आपणही जाऊ या. खिंड ओलांडून पलीकडे.”

“पानं बघायला? खिडकीतून बघ की. फुकट आहेत.”

“खिडकीतून डोंगराची पाठ दिसते. वीस वर्षं पाठच बघतेय. मला त्याचं तोंड बघायचंय.”

“आणि धार कोण काढेल? तो डोंगर?”

ओडीलने हिशेब आधीच करून ठेवला होता. सकाळची धार, शेण काढणे, न्याहारी, सगळे आवरून नऊला निघायचे. चारला परत. मध्ये सात तास होते. वीस वर्षे ते रोज तिथेच होते, पण ते कुणाला दिसले नव्हते.

त्या दिवशी मी पहिल्यांदा खिंड चढले. हॉलिस वाटभर कुरकुरत होते. खिंडीच्या माथ्यावर त्यांनी मला रस्त्यापासून चांगले आत घेतले आणि इंजिन बंद केले. खाली सबंध दरी पेटल्यासारखी दिसत होती. मधून नदी जात होती, तीही तांबूस. हॉलिस यांनी टोपी मागे सरकवली. मग घसा खाकरून म्हणाले, “रॉइसच्या कुरणापेक्षा बरं आहे.”

रॉइस म्हणजे आमचा शेजारी. त्याच्या कुरणात दगडच जास्त. ओडील एवढी हसली की तिच्या हातातल्या डोनटची साखर माझ्या आसनावर सांडली. ती पुढे कधीच पूर्ण निघाली नाही.

मग दर वर्षी एक दिवस ठरून गेला. अशी दहा वर्षे गेली. ते सात तास मला वर्षातल्या बाकी सगळ्या दिवसांपेक्षा जास्त आठवतात.

नंतर हॉलिस यांचा उजवा गुडघा कामातून गेला. शस्त्रक्रिया झाली, पण पाय पुरता वळेना. गाईंची उठबस जमेना, माझा ब्रेकही दाबता येईना. एका सोमवारी ट्रक आले आणि एकतीसच्या एकतीस गाई घेऊन गेले. मी अंगणातच उभी होते. शेवटचा ट्रक गेल्यावर हॉलिस गोठ्यात गेले आणि त्यांनी रिकाम्या गोठ्यातले शेण काढले. सगळे, अगदी कोपऱ्यापर्यंत.

त्यानंतर ते पहाटे साडेचारला उठत, टोपी घालत आणि स्वयंपाकघरात बसून राहत. जेवण अर्धे ताटात राहू लागले. बोलणे तर जवळजवळ थांबलेच. आणि मी छपराखाली धूळ खात उभी होते. गोठ्यातले उंदीर माझ्यात राहायला आले.

ऑक्टोबर आला. ओडील म्हणाली, “यंदा जायचं ना?”

“कशाला?”

“आता तर परत यायची घाईपण नाही.”

“तेच तर,” हॉलिस म्हणाले. “ज्याची घरी कुणी वाट बघत नाही, त्यानं जाऊन तरी काय करायचं?”

ओडील उठली. ती कधी मोटार शिकली नव्हती. वय अठ्ठावन्न. तिने छपराखाली येऊन माझ्यातले उंदीर हुसकले, चावी फिरवली, आणि मी एका गचक्यासरशी कापलेल्या गवताच्या शेतात गेले. तिथे आम्ही दोघी गोल गोल फिरत राहिलो. तिसऱ्या फेरीला तिने कुंपणाचा खांब पाडला. माझ्या पुढच्या बाजूला पोचा आला तो तेव्हाचा. स्वयंपाकघराचे दार उघडले आणि हॉलिस काठी टेकत बाहेर आले. कित्येक आठवड्यांनी त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

“अगं, ती मोटार आहे, नांगर नाही! ब्रेक! ब्रेक दाब!”

“तू ओरडलास की माझा पाय उचलला जातो!”

“मग मी शेजारी बसतो आणि हळू बोलतो.”

“तुला हळू बोलता येतं?”

ते शेजारी बसले. हळू बोलणे त्यांना जमले नाही, पण ओडील शिकली. तिला परवाना मिळाला तोवर बरीच पाने गळली होती. तरी आम्ही निघालो. वरच्या उतारांवर झाडे उघडी झाली होती, पण दरीत रंग होता. हॉलिस खिडकीबाहेर बघत होते, पण मनगटावरचे घड्याळच जास्त बघत होते. साडेतीन वाजले, पावणेचार झाले. ओडीलला ते दिसत होते. तिने गाडी पुढेच नेली.

खिंडीपलीकडे एका वळणाखाली मोटारींची रांग अडकली होती. कुणी पानबघ्याने भर वळणावर गाडी थांबवली होती. मागच्याने चिडून हॉर्न वाजवला, त्याच्या मागच्याने आणखी मोठा. नेमक्या त्याच वेळी कुरणातून गोठ्याकडे जायला पंधरा-वीस गाई रस्ता ओलांडत होत्या. त्या बिथरल्या आणि मोटारींमधून वाट फुटेल तिकडे धावू लागल्या. एक काळी गाय रस्त्याच्या कडेला गेली होती. खाली ओढा होता, खोल, दगडांचा. तिची मागची पावले मातीवरून घसरत होती.

त्यांच्या मागे एक तरुण मुलगी हात पसरून पळत होती. तिचे नाव जोसलिन, हे नंतर कळले. मामाच्या माघारी ती एकटीच गोठा सांभाळत होती. ती जितकी पळे तितक्या गाई दूर जात. काही लोक हॉर्न वाजवत होते, काही फोटो काढत होते.

हॉलिस उतरले. दार धरून उभे राहिले आणि गरजले, “हॉर्न बंद! इंजिनं बंद करा सगळ्यांनी!” ओडील रांगेतल्या एकेका काचेवर टकटक करत गेली. “बंद करा. हो, तुम्हीपण. तो फोटो नंतर काढा.” एकेक इंजिन थांबले. मग फक्त ओढ्याचे पाणी ऐकू येऊ लागले.

“पोरी, उभी राहा,” हॉलिस जोसलिनला म्हणाले. “अजिबात हलू नकोस.”

मग त्यांनी तोंडापाशी हात धरला. “का-बॉऽऽस! का-बॉऽऽस! ये, ये, ये!”

आमच्याकडे गाईंना अशीच हाक मारतात. त्या गाईंनी हॉलिसना कधी पाहिलेही नव्हते. पण एका तांबड्या गाईने मान वर केली. मग दुसरीने. काळ्या गाईने कान वळवले, एक पाऊल पुढे टाकले, आणखी एक, आणि ती कडेवरून रस्त्यावर आली. हॉलिस काठी टेकत, मागे वळून न बघता, सावकाश गोठ्याकडे चालू लागले. एकेक करून सगळ्या गाई त्यांच्या मागे निघाल्या.

गोठ्याच्या दारात जोसलिन रडू लागली. “मी इतकी धावले, तरी…”

“पळणाऱ्या गाईमागे पळू नये,” हॉलिस म्हणाले. “तिला वाटतं, खरंच काहीतरी घडलंय. डोळे पूस. साडेचार झाले. एक उंच स्टूल दे मला.”

धार संपल्यावर ते बाहेर आले तेव्हा पँटला शेण होते आणि भूक लागली म्हणत होते. जोसलिन त्यांच्या मागोमाग आली. “मला एकटीला आवरत नाही. तुम्ही पुन्हा याल?”

हॉलिस यांनी माझ्याकडे बोट केले. “गाडी तिच्या हातात आहे. तिला विचार.”

ओडीलने काच खाली केली. “पहाटे की संध्याकाळी?”

त्यानंतर बारा वर्षे, आठवड्यातून तीनदा, ओडीलने मला खिंडीपार नेले. हॉलिस जोसलिनला एकेक गोष्ट शिकवत गेले. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते माझ्या पोटाला लागून राही. वरून मला धूत, पण खालून धुवायचे कुणाला सुचले नाही. शेवटी तपासणीत मेकॅनिकने माझ्या गंजलेल्या तळातून बोट आरपार घातले आणि मान हलवली. मग जोसलिनने मला आपल्या कुरणाच्या कडेला उभे करून घेतले. ओडीलने दुसरी, छोटी मोटार घेतली. मला वाईट वाटले, पण तीही खिंडीपारच येत होती.

काही वर्षांनी एका वसंतात हॉलिस झोपेतच गेले. त्यानंतर माझ्याकडे फारसे कुणी फिरकले नाही. कोंबड्यांनी मागच्या आसनावर अंडी घातली. पावसाने काचेवर शेवाळ धरले.

गेल्या ऑक्टोबरात जोसलिन ओडीलला घेऊन आली. ओडील आता चौऱ्याऐंशीची आहे. तिने माझे दार दोन्ही हातांनी ओढून उघडले, स्टिअरिंगमागे बसली आणि म्हणाली, “काही दिसत नाही गं. ही काच किती वर्षं पुसली नाहीस?”

“बंद गाडीची काच कोण पुसतं, ओडील?”

“आत कुणी बसणारं असेल, तर पुसायची.”

जोसलिन बादली घेऊन आली. फडक्याचा पहिला हात फिरला आणि त्या पट्टीतून पिवळा उतार दिसला, दुसऱ्या हाताने मेपल दिसले. ओडील अर्धा तास बसली होती. तिने स्टिअरिंगवर हात ठेवला होता, आणि मला आपण चालतो आहोत असेच वाटत होते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याला खालूनही धूत जा. गंज तिथूनच लागतो. आणि त्याचे चालणे थांबले तर निदान समोरची काच पुसत जा.