लाल जरा कमी

छापायच्या चित्रांचे रंग जुळवणाऱ्या रंगबाईंनी खिडकीवर काळं कापड ओढलं, डोक्यावरची ट्यूब बंद केली आणि नव्या मॉनिटरच्या छातीवर रंग मोजायचं यंत्र, डॉक्टर नळी लावतात तसं, अलगद टेकवलं. मॉनिटर अर्धा तास आधीच चालू करून ठेवला होता. थंड असताना तो खरं बोलत नाही. मग लाल, हिरवा, निळा, राखाडीच्या कितीतरी छटा एकामागून एक येत गेल्या आणि मुठीएवढं ते यंत्र निमूटपणे मोजत राहिलं.

छापखान्याचे मालक मागे उभे होते. नव्या सुनेच्या स्वयंपाकाकडे सासू बघते तसे. मोजणी संपली, मॉनिटरवरचा पांढरा रंग किंचित उबदार झाला आणि मालकांना तोंड फुटलं.

"नवाकोरा आणला, आणि याला कावीळ?"

जुना मॉनिटर निळा पडला होता आणि आपल्या डोळ्यांना त्या निळ्याचीच सवय झालीय, हे रंगबाईंनी समजावून सांगितलं. मालकांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. हा मॉनिटर पदरात पडायला सहा वर्षं लागली होती. मागायला गेलं की मालक चारचौघांत कौतुक सुरू करायचे: बाईंची नजर म्हणजे सोनं, फुटक्या आरशात बघूनही सरळ भांग पाडतील, यांना नवा मॉनिटर कशाला? कौतुक करून माणसाला गप्प बसवण्यात मालकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. रंगबाई दर वेळी लाजून परत यायच्या. आणि खोटं कशाला बोला, त्यांनाही ते खरंच वाटायचं. जुन्या मॉनिटरवर चेहरे निळसर दिसायचे, त्या अंदाजाने लाल वाढवायच्या, आणि छापून यायचं ते बरोब्बर. अकरा वर्षं.

या खेपेला मालक कबूल झाले ते अट घालून. दुकानदार आठ दिवसांत मॉनिटर परत घेणार होता. मोजायचं यंत्र यायलाच सात दिवस गेले होते. आज एक चित्रकार बाई आपल्या चित्रांच्या पुस्तकाचं पहिलं प्रूफ बघायला येणार होत्या. त्यांनी मंजूर केलं तर मॉनिटर राहणार, नाहीतर संध्याकाळी पुन्हा खोक्यात.

वहीएवढं मूळ चित्र टेबलावर होतं. चित्रकार बाईंची आई, नुकतीच उन्हातून घरात आल्यासारखी, गाल तापलेले. रंगबाईंनी मॉनिटरवरचा चेहरा त्याच्याशी ताडून पाहिला. आता अंदाज नाही, दिसतं तेच ठेवायचं. उजवा हात सवयीने लाल वाढवायला निघाला, तेव्हा त्यांनी त्याला चक्क मांडीखाली दाबून ठेवलं. फाईल खाली मशीनवर गेली.

तासाभराने प्रूफ वर आलं. आई आजारी पडली होती. गाल हिरवट, ओठ पांढरे.

एव्हाना आलेल्या चित्रकार बाईंनी प्रूफ हातात घेतलं. म्हणाल्या, की आई गेली त्या दिवशीही तिचा चेहरा इतका उतरला नव्हता. मालक खोकं शोधायला लागले.

रंगबाईंनी यंत्र पुन्हा लावलं, पुन्हा मोजलं. मॉनिटर बरोबर होता. त्यांनी आणखी एका प्रूफाची मुदत मागून घेतली आणि अकरा वर्षांत दहा वेळाही उतरल्या नसतील तो मशीनकडे जाणारा आतला जिना उतरून खाली गेल्या.

मशीनवर काका होते. छापखाना निघाल्यापासून ते तिथेच. मधल्या वेळात चढवलेलं दुसरं काम त्यांनी उतरवलं, आईच्या चित्राच्या प्लेटा परत चढवल्या, आणि एकही कागद बाहेर पडायच्या आत लाल शाईचे स्क्रू एकेक करून आवळत गेले. प्रूफाकडे बघितलंसुद्धा नाही. बाई आमटीत मीठ टाकते तसा हात आपला आपण चालला होता.

"काका, हे काय?"

"लाल कमी करतोय."

"अजून कागद कुठे निघालाय?"

"फाईल तुमची आहे ना, ताई? तुमच्यात लाल जरा जास्त असतं."

रंगबाईंनी मशीनचा कठडा धरला.

"कधीपासून?"

"तुम्ही आलात तेव्हापासून. पहिल्याच महिन्यात सांगणार होतो. पण मालक सगळीकडे सांगत सुटले होते, बाईंची नजर अशी नि तशी. म्हटलं, नवीन माणूस, दोन-चार स्क्रूंचं तर काम. मग राहूनच गेलं."

रंगबाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. काच आधीच स्वच्छ होती.

"आज कमी नका करू."

"चेहरा भडक होईल, ताई. वर बोलणी तुम्हाला बसतील."

"बसू देत."

काकांनी स्क्रू जागेवर आणले. मशीन धडधडायला लागलं. पहिले कागद त्यांनी बाजूला टाकले, मग एक उचलून दिव्याखाली धरला आणि "हं" म्हणाले. काकांचं "हं" वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच ऐकू यायचं.

कागद घेऊन दोघंही वर आले. चित्रकार बाईंनी चित्र आणि प्रूफ शेजारी शेजारी ठेवलं, त्यांची अदलाबदल केली, परत केली. मग छापलेल्या गालावर बोटाचं टोक टेकवलं.

"ही आली," त्या म्हणाल्या.

मालकांनी खोकं पायाने टेबलाखाली सरकवलं आणि लगेच नजर, सोनं वगैरे सुरू केलं. मध्येच थांबून विचारलं, आधीच्या प्रूफाला झालं तरी काय होतं? काकांनी तोंड उघडलं.

"हाताची सवय," रंगबाई आधीच म्हणाल्या. "दोघांच्याही."

चित्रकार बाईंनी प्रूफाच्या पांढऱ्या कडेवर मंजुरीची सही केली. तिच्याखाली रंगबाईंची सही असायची, नेहमीची पद्धत. त्यांनी पेन काकांपुढे धरलं.

मालक म्हणाले, मशीनवाल्याची सही कुठे असते?

"आता असेल."

काका शाईचे हात दाखवत मागे सरले. पेन काही मागे सरलं नाही. शेवटी त्यांनी वाकून, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर काढत नाव लिहिलं. अंगठा उचलला तिथे ठळक लाल डाग उमटला होता. मालक दुसऱ्या कागदाकडे हात नेऊ लागले.

"राहू दे," रंगबाई म्हणाल्या, आणि काकांच्या नावाखाली उरलेल्या जागेत त्यांनी आपली सही केली.